आबा फोन लगेच का ठेवतात

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तासगावजवळच्या गावी सासरे एकटे राहतात, वय ७४. दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्यांना मोठ्या स्क्रीनचा मोबाइल घेऊन दिलात, नातवाशी रोज बोलतील म्हणून. आता पुण्याहून फोन लावला की "बरं हाय, ठिवतो" म्हणत अर्ध्या मिनिटात ठेवून देतात. दहा वर्षांचा मुलगा म्हणतो, आजोबा चिडतात, मला नाही बोलायचं. आणि तुम्ही गावी गेलात की हेच आबा सोप्यात बसून तासन् तास रील बघत असतात, मुलगा आतल्या खोलीत गेम खेळतो. फोन काढून घ्यावा का, की मोहित्यांच्या वडगावसारखा मोबाइल बंद करायचा भोंगा घरातही वाजवावा, असं तुम्ही विचारलंय. फोननं पिढ्यांमधलं अंतर वाढवलं, असंही लिहिलंय.

मी गेली बावीस वर्षं सांगलीत लोकांचे कान तपासते. अर्ध्या मिनिटात ठेवतात, चिडतात आणि रील मात्र तासन् तास बघतात, या तीन तक्रारी एकाच घरातून आल्या की मी आधी एकच विचारते. आबांचे कान शेवटचे कधी तपासले?

कान जाणं म्हणजे आवाज बंद होणं, अशी आपली समजूत असते. वयानं कान जातात ते तसे नाहीत. आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात, खालचे जाड आवाज पुढं कितीतरी वर्षं शाबूत राहतात. त्यामुळे ट्रॅक्टर ऐकू येतो, कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं, दारातून मारलेली हाकही येते. बोलण्यातले स्वर कळतात, कारण जोर त्यांच्यात असतो. स, श, त, क, फ ही व्यंजनं मात्र गळून पडतात. तुमचा मुलगा म्हणतो, "आबा, शनिवारी शाळेची सहल आहे." आबांपर्यंत पोचतं ते साधारण असं: "आबा, अनिवारी आळेई अहल आहे." त्यांना आवाज येतोय, शब्द लागत नाही. म्हणून ते कधीच म्हणणार नाहीत की मला ऐकू येत नाही. येतंच की त्यांना! ते म्हणतात, हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.

मिरजेतले एक वयस्क सतारमेकर माझ्याकडे आले होते. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवताना, त्यांना स्वतःलाच जाणवलं, की वरचं काहीतरी निसटतंय. आयुष्यभर कान हेच ज्यांचं हत्यार, त्यांना ते कळलं. बाकीच्यांना घरचे सांगतात, आणि तेही 'म्हातारा चिडका झालाय' या शब्दांत.

आता यात फोन घाला. तरुण, निरोगी कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो; हर्ट्झ म्हणजे सेकंदाची कंपनं, आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक. जुनी फोनलाइन आणि टूजीवरचा कॉल त्यातला जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुढं पाठवतात. बोलणं कळायला तेवढं पुरेसं आहे, असा तो हिशेब होता, आणि चांगल्या कानाला ते पुरतंही. पण 'स'चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे अशा कॉलवर तो तुमच्या-माझ्याही कानापर्यंत धड येत नाही, आपण अंदाजानं भरून काढतो. फोनवर नाव सांगताना "स, समईतला स" असं सांगावं लागतं ते त्यामुळेच. आबांच्या कानानं वरचं आधीच सोडलंय आणि उरलंसुरलं फोन कापतो. फोरजीवरचा व्होल्टी कॉल ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेऊ शकतो, पण दोन्हीकडचे फोन आणि नेटवर्क त्या सोयीचे हवेत. शिवारात रेंज कमी झाली की कॉल पुन्हा जुन्या पट्ट्यावर येऊ शकतो. काल नीट बोलले आणि आज तोडून बोलले, असं वाटतं तेव्हा पुष्कळदा आबा तेच असतात, लाइन बदललेली असते.

चिडण्याचंही तसंच. आतला कान अधू झाला की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम टोचतो. मधली सुखाची पट्टी अगदी अरुंद होते. म्हणून आधी "काय म्हणलास?" आणि लगेच पाठोपाठ "वरडतुस कशाला?" ही दोन्ही वाक्यं खरी असतात, दोन्ही एकाच माणसाची असतात. शिवाय स्वतःचा आवाजही कमी ऐकू येत असल्यानं ते वरच्या सुरात बोलतात. पुण्यात बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला हे कळण्याचा काहीच मार्ग नाही. त्याच्या फोनमधून फक्त एक मोठा, जाड आवाज येतो. तो घाबरतो, गप्प होतो. आबांना वाटतं, पोराला आपल्याशी बोलायचं नाही.

आणि रील? रीलला उत्तर द्यावं लागत नाही. कळलं नाही तर तीच पुन्हा बघता येते, दहा वेळा बघितली तरी ती वैतागत नाही. नातवाला तिसऱ्यांदा "काय?" विचारलं की पलीकडून "काही नाही, जाऊ दे" येतं. ते "जाऊ दे" माझ्यासमोर बसून सांगताना मोठमोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलंय. रील बघणारा म्हातारा माणूस सुखात आहे असं समजू नका. जिथं आपली फजिती होत नाही, तिथं तो जाऊन बसलाय.

फजितीचा दुसरा भाग बोटांत आहे. टचस्क्रीनला बोटाचा दाब कळत नाही, कातडीतून जाणारी बारीक विद्युत खूण कळते. वयानं कोरडी पडलेली, खुरप्यानं आणि दोरानं घट्टे पडलेली बोटं तिला नीट कळत नाहीत. म्हणून आबा जोरात आणि जास्त वेळ दाबतात. जास्त वेळ दाबणं ही फोनच्या भाषेत वेगळीच आज्ञा असते. भलताच चौकोन उघडतो, फोटो पुसला जातो, लागलेला कॉल कटतो. त्यावर आपण काय म्हणतो? "आबा, कशालाही हात लावू नका!" वर ओटीपीची आणि फसवणुकीची भीती आपणच घातलेली असते. ती भीती खरी आहे, हल्ली खात्यातले पैसे जायला एक फोन पुरतो. पण मग त्यांच्यासाठी न चुकणारी एकच क्रिया उरते, बोटानं वर सरकवत राहायचं. रीलला तेवढंच लागतं.

यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, त्यात टच अँड होल्ड डिले वाढवून ठेवा. अक्षर मोठं करा. घरच्यांचे फोटो लावलेले कॉलचे शॉर्टकट पहिल्या पानावर ठेवा, बाकीचं सगळं दुसऱ्या पानावर ढकला. फसवणुकीबद्दल दोनच गोष्टी पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि काही घडलंच तर लगेच १९३० ला फोन. तिसरी गोष्ट तुमच्यासाठी. चूक झाली तर ओरडणार नाही, असं त्यांना तोंडानं सांगा. ओरडा बसेल या भीतीनं फसलेली माणसं दोन-दोन दिवस घरात सांगत नाहीत.

व्हिडिओ कॉलचं वेगळं. वाळवा तालुक्यातले साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा कानाचं मशीन बसवायला आले होते. मी कागद भरत असताना नातीचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन उचलला आणि सवयीनं कानाला लावला. नातीला तिकडं स्क्रीनभर आजोबांचा कान. ती "आजोबा, समोर धरा, समोर" म्हणत होती, ते "हां, हां" म्हणत होते. मी त्यांचा हात धरून फोन समोर आणला. पोरगी खिडकीकडं पाठ करून बसलेली, चेहरा सगळा काळा, दिसत होतं ते फक्त केसांभोवतीचं ऊन. मी तिला सांगितलं, खिडकीकडं तोंड कर आणि एकेक वाक्य बोलून थांब. ती वळली. चेहऱ्यावर उजेड आला आणि तिनं तोंड उघडून दाखवलं, पुढचा दात पडला होता. आजोबा म्हणाले, "आगं, वरचा का खालचा?" मुलीची आई मागून म्हणाली, "बाबा, तीन दिवस सांगतेय ती तुम्हाला." तीन दिवस त्यांनी "हां, हां" म्हटलं होतं. तोवर मशीन कानात गेलंही नव्हतं, काम केलं ते उजेडानं. कमी ऐकणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो, आणि काळ्या चेहऱ्यावर ओठ दिसत नाहीत.

थांबून बोलायला सांगितलं, त्यालाही कारण आहे. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं संपलं की दुसरा साधारण २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात सुरू होतो. नेट मंद असलं की व्हिडिओ कॉलवर याहून जास्त वेळ आवाज पोचण्यातच जातो. आबा विचारतात, पोरगा लगेच उत्तर देतो, पण ते उशिरा पोचतं. तोवर आबांनी पुन्हा विचारलेलं असतं. दोघं एकदम बोलले की ॲप एकाचा आवाज दाबून टाकतं, आणि कमी ऐकणाऱ्याला तेवढ्यात सगळा धागा सुटतो. मुलाला शिकवा: बोलून झालं की हात वर कर. दहा वर्षांच्या मुलाला हे खेळासारखं जमतं.

इथवरचं सगळं दुरुस्त होणारं आहे. आता जे मशीननं दुरुस्त होत नाही, ते सांगते.

कडेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला कानात सतत गुंई आवाज येत होता म्हणून ते आले. बोलता बोलता त्यांनी घरचं सांगितलं. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. ते रात्री बारा-एकला विहिरीवर जायचे, चिखल, अंधार, सापकिरडू. पुण्यातल्या मुलाला काळजी वाटायची. त्यानं मोटरीला मोबाइल स्टार्टर बसवून दिला. त्यात सिमकार्ड असतं, फोन लावला की मोटर सुरू, फोन लावला की बंद. वडिलांचं रात्रीचं जाणं थांबलं. यापेक्षा मोठी सोय कुठली?

पण पूर्वी मुलगा रोज रात्री फोन करायचा. लाइट आली का, मोटर धरली का, पाणी कुठल्या सरीपर्यंत गेलं, तेल किती राहिलंय, म्हशीचं काय. मोटरीवरून सुरू झालेलं बोलणं अर्धा तास चालायचं. आता मोटर चालू झाल्याचा मेसेज स्टार्टर थेट मुलाला पाठवतो. ते म्हणाले, "मशीन पोराला सांगतंया, मी कशाला सांगू?" फोन आठवड्यातून दोनदावर आला होता. भांडण नाही, दुरावा नाही, कुणाची चूकही नाही. बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

आपल्याकडं बाप-लेक नुसतं मन मोकळं करायला सहसा बोलत नाहीत. बोलणं कामावर स्वार होऊन येतं. गावाकडच्या मनीऑर्डरीखाली चार ओळी लिहायला जागा असायची, त्या चार ओळींत घर चालायचं. एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा म्हणून लोक रांग लावायचे, आणि मीटरकडं बघत का होईना, मोजकं पण कामाचं बोलायचे. आज पैसे यूपीआयनं दोन सेकंदांत जातात आणि सोबत चार ओळी जात नाहीत. साताऱ्याकडच्या निवृत्त फौजींच्या घरात नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मुलगा वडिलांना बँकेत घेऊन जायचा, येताना दोघं मिळून चहा-भजी खायचे. २०२१ पासून हा दाखला फोनसमोर चेहरा धरूनही देता येतो. आजारी माणसासाठी ही फार मोठी सोय आहे, तिला नावं ठेवू नयेत. पण काम गेलं की त्याच्या पाठीवरचं बोलणंही जातं, हे ओळखून दुसरं काम शोधावं लागतं.

त्या शेतकऱ्याच्या मुलाला मी फोन केला. स्टार्टर काढ म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की स्टार्टरला जे कळत नाही ते वडिलांना विचार. पाणी पोचलं का, बांध कुठं फुटला, ऊस कुठल्या बाजूला लोळला, यंदा कुठलं बेणं लावायचं. आणि खरंच विचार, विचारायचं म्हणून नको. म्हाताऱ्या माणसाला नुसती विचारपूस आणि खरी गरज यातला फरक लगेच कळतो. "जेवलात का?" ही विचारपूस झाली. रोज तीच झाली की तिचं उत्तर एका शब्दात येतं.

खरी गरज काय असते, ते सांगलीनं २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात बघितलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमच्या ओळखीच्या एका घरात नातू फोनवर कोयना धरणातून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं ते दर तासाला बघत होता. आकडा मोठा आहे एवढंच त्याला कळत होतं. आजीला क्युसेक कळत नव्हतं, पण २००५ ला पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला कधी लागलं होतं ते पक्कं ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांना विचारलं आणि अंधार पडायच्या आत घर सोडलं. फोन आणि आजी, दोन्ही लागले.

आता भोंग्याचं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाइल बंद होतात, साडेआठला पुन्हा वाजतो. कोरोनात ऑनलाइन शाळेमुळे हातात आलेला फोन मुलांच्या हातून सुटेना, म्हणून गावानं हे ठरवलं. मला याचं मनापासून कौतुक आहे, आणि ते अशासाठी, की मोठ्यांनीही आपला टीव्ही आणि फोन बंद केला. पण तो भोंगा मुलांच्या अभ्यासासाठी आहे. तुमच्या घरात तो आज वाजवलात तर दीड तास काय होईल? एका बाजूला ज्याला शब्द लागत नाही असा माणूस, दुसऱ्या बाजूला ज्याला ओरडा बसेल असं वाटतं ते पोर, आणि मध्ये शांतता. दोघांनाही ती शिक्षाच वाटेल. आधी कान, मग भोंगा. फोन काढून घेण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. एकट्या राहणाऱ्या माणसाचं तेवढं एकच दार उघडं आहे.

त्याऐवजी मी व्हॉइस मेसेज सुचवेन. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलीत. विट्याकडच्या एका आजींचा मुलगा तमिळनाडूत, नातू तिथंच वाढलेला, शाळेत तमिळ आणि इंग्रजी. त्याचं मराठी आलंय ते बरंचसं आजीच्या व्हॉइस मेसेजमधून. म्हणून त्याच्या तोंडी 'वैरण', 'कासरा', 'हावळा' असे शब्द आहेत, जे सांगलीत शिकणाऱ्या पोरांनाही येत नाहीत. मेसेज पुन्हा ऐकता येतो, सवडीनं ऐकता येतो, उशिराची अडचण नाही, दोघांनी एकदम बोलण्याची नाही. मे महिन्यात तो आजीला घेऊन माझ्याकडं आला होता. आजी त्याचा मेसेज फोन कानाशी धरून चार-चार वेळा ऐकतात, हे त्यांनी मला सांगितलं. तो मात्र आजीचे मेसेज दुप्पट वेग लावून ऐकत होता. मला ते लागलं. आजींसमोर मी काही बोलले नाही, नंतर त्याच्या आईशी बोलले. तुमच्या मुलाला ही सवय असेल तर तेवढी सोडवा. आबांचं थांबत थांबत बोलणं हाही त्यांच्या सांगण्याचा भाग आहे.

तपासणीचं आता थोडक्यात. आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की निम्मी तक्रार मिटते. मग ऑडिओग्राम, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढून घ्या. मशीन लागलं तर पहिल्याच दिवशी समाधान होईल असं धरू नका. वर्षानुवर्षं न आलेले आवाज एकदम आले की भांड्यांचा खणखणाट आणि कागदाची सळसळसुद्धा नकोशी होते. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि याच आठवड्यांत पुष्कळ मशीनं कपाटाच्या खणात जातात. त्या दिवसांत रोज फोन करा, आणि तो करताना मशीन कानात असू द्या. फोनला ब्लूटूथनं जोडता येणारं मशीन मिळालं तर आवाज थेट कानात येतो. वय ६५ च्या पुढं आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा उपकरणांसाठी ३००० रुपये खात्यावर मिळतात. तेवढ्यात पूर्ण मशीन येत नाही, पण हातभार लागतो. आणि हे पुढं ढकलू नका. ऐकू न येणं आणि पुढं येणारा स्मृतिभ्रंश यांचा संबंध आता वैद्यकशास्त्र गांभीर्यानं घेतं. माणूस आधी बोलण्यातून बाहेर पडतो, मग हळूहळू सगळ्यातून.

सुट्टीत गावी जाल तेव्हा आबांना सांगलीला किंवा मिरजेला घेऊन या, आणि त्या दिवशी मुलालाही बरोबर आणा. बंद खोलीत आबांना हेडफोन लावतात, एकेक आवाज सोडतात, ऐकू आला की बोट वर करायचं असतं. काचेच्या अलीकडे, मशीनपाशी त्याला उभं करा. आवाज सोडला की तिथं दिवा लागतो. किती दिव्यांना आबांचं बोट वर जात नाही, ते त्याला मोजू द्या.